कडक गादी आणि दणकट गादी

स्वतःच्या कमाईची पहिली गादी मी मुठीने दोन गुद्दे मारून पसंत केली होती. मूठ आत गेली नाही, म्हणजे माल चांगला, एवढीच माझी परीक्षा. पाठीला ती दगडासारखी लागायची, पण कडक आहे तर दहा वर्षं बघायला नको, या हिशेबावर मी सोसत राहिले. दीड वर्षात मधोमध खळगा पडला. मी जिथे झोपायचे तिथे ती लिबलिबीत झाली होती आणि कडेला, जिथे कुणी टेकतही नसे, तिथे मात्र पहिल्या दिवसाइतकीच कडक होती.

विकणाऱ्याने फसवलं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, मी चौकशी केली कडकपणाची आणि मला हवा होता टिकाऊपणा. फोमच्या गादीत हे दोन गुण एकमेकांवर जवळपास अवलंबून नसतात. पहिला हाताला कळतो. दुसऱ्याचा अंदाज वजनकाट्यावर येतो, कारण तो फोमच्या घनतेशी बांधलेला असतो. दोन्हींना बोलताना आपण ‘हार्ड’, ‘सॉलिड’, ‘भक्कम’ असे तेच ते शब्द वापरतो आणि मग चुकीच्या गुणासाठी पैसे मोजतो.

घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. गादीतल्या साध्या पॉलियुरेथेन फोमची घनता ढोबळमानाने १५ ते ५० किलोच्या दरम्यान असते. एक घनमीटर पाणी हजार किलो भरतं, हे आठवलं की फोम म्हणजे मुख्यतः हवाच, हे लक्षात येतं. घनतेचा आकडा सांगतो तो एवढंच, की त्या हवेभोवती प्रत्यक्ष माल किती आहे. कडकपणा म्हणजे तो फोम दाबायला किती जोर लागतो. तो मोजण्याची रीत ठरलेली आहे. साधारण ३८ सेंटिमीटर बाजूचा चौरस, १० सेंटिमीटर जाड तुकडा घेतात, त्यावर २० सेंटिमीटर व्यासाची गोल चकती ठेवून ती जाडीच्या २५ टक्के (काही पद्धतींत ४० टक्के) आत जाईपर्यंत दाबतात आणि त्यासाठी लागलेला जोर नोंदवतात. या सगळ्यात तुकड्याचं वजन कुठेही विचारात येत नाही.

दोन्ही गुण वेगळे का राहतात, याचं उत्तर फोम बनतो त्या क्षणात आहे. पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधलं. गादीचा फोम बनवताना पॉलिऑल आणि आयसोसायनेट या द्रवांच्या मिश्रणात थोडं पाणी घालतात. पाण्याची आयसोसायनेटशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या वायूने मिश्रण फुगतं. पाणी वाढवलं की वायू जास्त, फुगवटा जास्त आणि फोम हलका. कडकपणाची किल्ली निराळी. पॉलिऑलची जात बदलून, त्यात पॉलिमरचे सूक्ष्म कण मिसळून किंवा आयसोसायनेटचं प्रमाण वाढवून तो वरखाली करता येतो. त्यामुळे कारखान्यातून वजनदार पण मऊ फोमही निघतो आणि पिसासारखा हलका पण कडक फोमही. या दुसऱ्यात माल कमी लागतो, म्हणून तो स्वस्त पडतो. आणि माझ्यासारख्या गुद्देबाज गिऱ्हाइकाला नेमका तोच आवडतो!

पुढचं काम गादीवर काढलेल्या रात्री करतात. फोमच्या आत बारीक काड्यांची जाळी असते. आपण कूस बदलतो तेव्हा त्या काड्या वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि हे अंगाच्या उबेत, घामाच्या ओलाव्यात वर्षानुवर्षं चालतं. हलक्या फोममध्ये या काड्यांना माल कमी असतो. काही तुटतात, काही वाकलेल्याच राहतात. नवी गादी पहिल्या काही आठवड्यांत किंचित मऊ पडते, ते स्वाभाविक आहे. पण त्यानंतर ती तिथेच थांबते की घसरत जाते, हे बरंचसं घनतेवर ठरतं. प्रयोगशाळेत हे पाहण्यासाठी तुकडा दाबून निम्म्या किंवा त्याहून कमी जाडीवर आणतात, ७० अंश सेल्सिअसला २२ तास तसाच ठेवतात आणि सोडल्यावर तो किती वर आला ते मोजतात.

इथे आणखी एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गादी दोन तऱ्हांनी उतरते. कधी तिची उंचीच कमी होते आणि कुणी झोपलेलं नसतानाही खळगा दिसतो. कधी उंची तशीच राहते, पण फोम पिचतो, म्हणजे रिकामी गादी सपाट दिसते आणि अंग टाकलं की कंबर खाली जाते. हमीपत्रात बहुधा पहिल्याच प्रकाराचा उल्लेख असतो. रिकाम्या गादीवरचा खळगा अमुक इतके सेंटिमीटर खोल असेल तरच गादी बदलून मिळेल, असं. ‘मऊ पडली’ ही तक्रार त्यात बसत नाही. हमीची वर्षं मोजण्याआधी ती ओळ वाचा.

मऊ म्हणजे तकलादू, हा समज मोडायला मेमरी फोम पुरेसा आहे. चार्ल्स योस्ट यांनी तो १९६६ साली नासाच्या एम्स केंद्रासाठी विमानाच्या आसनांच्या कामातून विकसित केला. हाताखाली तो सावकाश दबतो, बोटांचे ठसे क्षणभर राहतात, पण चांगल्या मेमरी फोमची घनता ५० किलोच्या पुढे असते, म्हणजे कित्येक कडक गाद्यांच्या दुप्पट. शिवाय तो तापमानाप्रमाणे बदलतो. थंड खोलीत कडक लागतो, अंगाची ऊब मिळाली की सैल होतो. एका रात्रीत त्याचा कडकपणा बदलतो. वजन तेवढंच राहतं.

आता घनतेचा आकडा हाती आला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, कारण त्यातही फसगत आहे. सर्वात मोठी रिबॉन्डेड फोमची. फोम कापताना उरलेले तुकडे बारीक करून, चिकटवून, दाबून हा बनवतात. तो रंगीबेरंगी ठिपक्यांवरून ओळखू येतो. त्याची घनता सहज ८० किंवा १०० निघते आणि तो असतोही कडक. मग कुणीतरी सांगतं, साधा फोम ३२ चा आणि हा १०० चा, म्हणजे तिप्पट टिकणार. तसं नाही. इथे घनता तुकडे दाबून आली आहे आणि फोमची ताकद आता तुकड्यांमधल्या चिकटवणीवरही अवलंबून आहे. मी त्याला वाईट म्हणणार नाही. खालचा आधाराचा थर म्हणून तो स्वस्त आणि मजबूत पडतो. नुसत्या त्याच्यावर झोपायचं असेल तर मात्र पाठ आपली, निर्णय आपला.

दुसरी फसगत भरावाची. फोममध्ये कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखी भुकटी, मिसळून वजन वाढवता येतं. काटा खूश होतो, जाळीतल्या काड्यांना काहीच मिळत नाही. तिसरी लेटेक्सची, तीही जरा वेगळीच. रबराच्या चिकापासून बनणाऱ्या या फोममध्ये घनता वाढली की कडकपणाही वाढतो, म्हणजे माझं वरचं सगळं प्रवचन तिथे फारसं लागू पडत नाही. थोडक्यात, घनतेची तुलना एकाच जातीच्या दोन फोममध्येच करावी. स्प्रिंगच्या गादीत आकड्यांचा घोळ निराळा. तिथे तारेचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, जितका मोठा तितकी तार बारीक, एवढं माहीत असलं तरी पुरतं. आणि स्प्रिंगच्या गादीतही आधी बसतो तो वरचा फोमच.

फोमच्या लेबलांवरची एचडी आणि एचआर ही अक्षरंही अशीच एकमेकांत मिसळतात. एचडी म्हणजे जास्त घनतेचा, पण किती घनता झाली की ‘जास्त’ म्हणायचं, हे लेबल लावणाराच ठरवतो. तेव्हा अक्षरं ऐकून थांबू नका, आकडा मागा. एचआर म्हणजे चटकन उसळणारा. लहानशी पोलादी गोळी ५० सेंटिमीटरवरून टाकून ती किती उसळते, हे त्यासाठी मोजतात. एचआरवर ती निम्म्याहून बरीच वर येते, मेमरी फोमवर जवळपास तिथेच बसते. एचआरचा खरा फायदा दुसराच आहे. तो वरवर मऊ लागतो, पण जितकं दाबाल तितका जास्त विरोध करतो. ६५ टक्के दाबायला लागणाऱ्या जोराला २५ टक्के दाबायला लागणाऱ्या जोराने भागलं की हा गुण आकड्यात मिळतो. साध्या फोममध्ये तो दोनच्या आसपास असतो, चांगल्या एचआरमध्ये अडीचच्या घरात. खांदा रुतावा आणि कंबर तरंगावी असं ज्यांना वाटतं, ते नकळत हाच गुण शोधत असतात.

मग कडकपणाला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती टिकण्याशी नाही, अंगाशी संबंधित आहे. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा, पालथं झोपणाऱ्याची कंबर खाली झुकायला नको. हलक्या माणसाला जी गादी कडक लागते, तीच भारी माणसाला मऊ. पाठदुखीला कडकच गादी हवी, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून कडक किंवा मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला आढळला. तेव्हा कडकपणा निवडायचा तो झोपून. नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, लाज वाटली तरी. मुठीला काय वाटतं, याला अर्थ नाही.

घनतेसाठी मात्र गणित लागतं, पण ते शाळेतलंच. गादी २०० सेंटिमीटर लांब, १०० रुंद आणि १५ जाड असेल तर आकारमान ०.३ घनमीटर झालं. ३२ घनतेचा फोम असेल तर ती ९.६ किलो भरली पाहिजे, २० घनतेचा असेल तर जेमतेम ६ किलो. तुम्ही गादी घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग नुसतं उभं राहा, आणि वजाबाकी करा. खोळीचं वजन त्यातून वेगळं काढा. सांगितलेली घनता आणि काटा यांच्यात एक-दोन किलोंचा फरक आला, तर विचारायला हरकत नाही. पूर्ण फोमची गादी दुमडून पाहण्याजोगी असते, त्यामुळे हे वाटतं तितकं विचित्र दिसत नाही. तरी लोक बघतात.

थरांच्या गादीत नुसतं एकूण वजन पुरत नाही. वर २.५ सेंटिमीटर मेमरी फोम ५० घनतेचा आणि खाली १७.५ सेंटिमीटर साधा फोम १८ घनतेचा, अशी गादी जाहिरातीत ‘५० घनतेची मेमरी फोम गादी’ म्हणून मिरवते. सरासरी काढलीत तर २२ येते. म्हणून प्रत्येक थराची जाडी आणि घनता दोन्ही विचारा. उत्तर टाळलं जात असेल, तर तेही एक उत्तरच.

पैसे मोजके असतील तर मी कात्री जाडीवर चालवीन. जाड, फुगीर, शिवणकामाने नटलेली हलकी गादी घेण्यापेक्षा १२-१५ सेंटिमीटरची भरीव गादी मला पटते. रोज झोपणाऱ्या मोठ्या माणसासाठी साध्या फोममध्ये ३० च्या खाली मी उतरणार नाही. अंगाने भारी असलेल्यांनी ३५-४० पाहावं, आणि त्यांनी जाडीतही फार काटकसर करू नये, नाहीतर फोम तळाला टेकतो. कधीमधी येणाऱ्या पाहुण्याच्या गादीला २०-२४ सुद्धा चालतं, तिथे उगाच खर्च नको. नक्षीदार खोळ आणि गादीबरोबरच्या मोफत उशा यांचे पैसे मनातल्या मनात वजा करायला शिका.

आणखी एक युक्ती आहे, मला ती फार उशिरा सुचली. मऊपणा आणि टिकाऊपणा एकाच गादीत शोधण्यापेक्षा खालची गादी घनतेने चांगली आणि जराशी कडक घ्यावी, वर तीन-चार सेंटिमीटरचा मऊ टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा सुटा थर, टाकावा. झीज मुख्यतः वरच्या थराची होते. टॉपर बदलायला गादीच्या मानाने थोडेच पैसे लागतात आणि खालची शाबूत राहते.

पलंगालाही विसरू नका. दोन पट्ट्यांमध्ये हातभर फट असेल तर चांगला फोमही तिथे लोंबतो आणि आपण गादीला दोष देतो. सात-आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, असल्यास वर फळी टाकावी. दर दोन-तीन महिन्यांनी उशाकडची बाजू पायाकडे करावी. थरांची गादी उलटी करू नये, तिचा मऊ थर एकाच बाजूला असतो.

माझी सध्याची गादी ३६ घनतेची, मध्यम कडक आहे. वर्षातून एकदा मी तिच्यावर आडवी काठी ठेवून मधल्या फटीत पट्टी घालते. सहा वर्षांनी फट एक सेंटिमीटरही नाही. घरी येणारे मात्र अजून तिच्यावर मूठ दाबतात, मनगट आत गेलेलं पाहतात आणि विचारतात, ‘एवढी मऊ? टिकेल का ही?’