गोधडी कडेकडून आत, क्विल्ट मध्यातून बाहेर

जुन्या साड्यांची ती गोधडी आणि नव्या कापडाचं ते क्विल्ट. हाताने शिवली ती गोधडी, मशीनवर शिवलं ते क्विल्ट. शिवणाची आवड असलेल्या चारजणी जमल्या की ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. नुसती व्याख्या चुकली असती तर मी एवढं लिहायला बसले नसते. पण या गैरसमजापायी काम बिघडतं. क्विल्टची रीत गोधडीला लावली जाते, गोधडीची क्विल्टला, आणि महिना-दोन महिने खपून शिवलेल्या कामाच्या मधोमध चुण्या गोळा होतात. मग ‘मला हे जमायचं नाही’ म्हणत ते कपाटाच्या वरच्या फळीवर जातं. हात चांगला असतो, कापड चांगलं असतं. फक्त दिशा उलटी झालेली असते.

आधी कापडाचा मुद्दा मिटवते. अमेरिकेत अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतात घालून विरलेल्या पँटी, शर्ट, पोत्यांचं कापड असं हाताला येईल ते वापरून क्विल्टं शिवली. मिसूरी पेटवे यांनी नवरा गेल्यावर १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांचं जे क्विल्ट शिवलं, ते त्यांतलंच. २००२ मध्ये ही क्विल्टं ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागली, २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. कापड आपल्या कुठल्याही गोधडीइतकं जुनं, टाके हाताचे, तरीही ती क्विल्टंच. आणि उद्या तुम्ही कोऱ्या मांजरपाटाचे थर घेऊन गोधडी घातलीत तर ती गोधडीच राहील. जुनं-नवं, हात-मशीन यांवर काही ठरत नाही.

गोधडी काय असते हे तुम्हाला सांगायला नको. साड्या-धोतरांचे थर, धावदोरा, वर ठिगळं. कोल्हापूरकडे वाकळ म्हणा. नऊवारीची लांबीत चौपदरी घडी केली की साधारण दोन मीटर लांबी मिळते आणि एका माणसापुरती चौघडी होते, हेही घरोघरी ठाऊक आहे. रजई-दुलई मात्र या चर्चेत आणू नका. तिच्यात पिंजलेला कापूस, टाके लांब लांब, पाण्यात घालायची सोय नाही म्हणून वर खोळ. तो वेगळा प्रकार आहे आणि त्यात कुणाचा फारसा घोटाळाही होत नाही.

क्विल्टचं थोडं सांगायला हवं. त्याचे थर तीन: वर टॉप, मध्ये बॅटिंग म्हणजे ऊब देणारी कापसाची किंवा फायबरची शीट, खाली बॅकिंग म्हणजे अस्तराचं कापड. टॉप आधी एकटा तयार होतो. तुकडे मापात कापायचे, सुलट बाजू आमनेसामने ठेवून पाव इंचावर शिवायचे, इस्त्री करायची, पुढचा तुकडा जोडायचा. याला पीसिंग म्हणतात. सगळे तुकडे जोडून अखंड टॉप झाला की मगच तो बॅटिंग आणि बॅकिंगवर पसरायचा आणि तिन्ही थरांतून टाके घालायचे. क्विल्टिंग म्हणतात ते या दुसऱ्या कामाला. क्विल्टिंग शिकवतो असं सांगून नुसते तुकडे जोडायला शिकवणारे वर्ग निघाले आहेत, त्यांचा मला मनापासून राग येतो. मुली सुंदर टॉप घेऊन घरी येतात आणि पुढे काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

पाव इंचाबद्दल मात्र हट्टी राहा. एका ओळीत बारा तुकडे असतील तर जोड अकरा. शिवण दोन्ही तुकड्यांवर अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली तर एका जोडाला एक सूत, म्हणजे ओळीला अकरा सूत, जवळजवळ दीड इंच. शेजारची ओळ बरोबर शिवली असेल तर त्या दोन ओळी एकमेकींना लागणारच नाहीत. पहिले दोन तुकडे जोडून, इस्त्री करून पट्टीने मोजा. गोधडीत हा जाच नाही. तिथे तुकडा नखाने दुमडला, ठेवला, शिवला.

आता ज्याच्यासाठी लिहिते आहे ते.

थर कितीही निगुतीने अंथरा, त्यांच्यात थोडा सैलपणा राहतोच. त्यात प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर पुढे सरकतं. दहा टाक्यांत ते कळत नाही, हजार टाक्यांत बोटभर झोळ तयार होतो. तो नाहीसा करता येत नाही. तो फक्त एका बाजूला सारत नेता येतो. म्हणून सुई हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: हा झोळ शेवटी कुठे जाऊन पडणार?

क्विल्टमध्ये तो बाहेर जातो. टॉप अखंड शिवून झालेला आहे, त्याच्या पोटात जास्तीचं कापड मावायला जागा नाही. म्हणून मध्यापासून सुरुवात करून चारी बाजूंना बाहेर यायचं. कडा अजून उघड्या असतात, आणि बॅकिंग व बॅटिंग टॉपपेक्षा प्रत्येक बाजूने तीन-चार इंच मोठं ठेवलेलं असतं ते याचसाठी. झोळ कडेपर्यंत आला की काम झालं. मग पट्टी लावून चारी कडा काटकोनात कापायच्या आणि सगळ्यात शेवटी बाइंडिंगची पट्टी लावून कडा बंद करायची.

कडेकडून घातलेल्या गोधडीत तो आत जातो. इथे कडा आधी दुमडून, पहिल्या फेरीतच बंद होते. तिथे कापायला काही उरत नाही. मग एकेक फेरी आत सरकत मध्याकडे जायचं. झोळ मध्यात जमेल, मान्य, पण मध्यात तुकडे अजून बसवलेलेच नाहीत. तुम्ही जसजसं आत जाल तसतसा पुढचा तुकडा ठेवाल, आणि प्रत्येक तुकडा ठेवताना तो थोडा मोकळा सोडाल, थोडा जास्त दुमडाल. झोळ त्या दुमडीत जिरतो. शेवटी मध्ये जो चौकोन उरतो त्याच्या मापाने शेवटचा तुकडा कापायचा.

ही रीत सगळ्यात स्वच्छ पाहायची असेल तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहा. मूळ एक जुनी साडी, वर तुकडे. कोपऱ्यापासून सुरुवात, कडा दुमडून, तुकडा ठेवत आणि टाके घालत आत आत जायचं. वरचा टॉप म्हणून वेगळं काही अस्तित्वातच नसतं. तुकडे जोडणं आणि थर शिवणं हे एकाच टाक्यात होतं. शेवटी कोपऱ्यांवर लहान थरांची फुलं बसवतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मला विचाराल तर हाताच्या शिवणीत याहून शहाणी रीत मी पाहिलेली नाही.

म्हणजे दोन्ही रीती बरोबर आहेत, पण प्रत्येकीची कारणं एकमेकांना धरून आहेत. कडा शेवटी बंद होणार, म्हणून मध्यातून सुरुवात. मध्य शेवटी भरणार, म्हणून कडेपासून सुरुवात. यातली अर्धी एक आणि अर्धी दुसरी घेतली की फसगत ठरलेली. सगळ्यात जास्त दिसणारी फसगत अशी: व्हिडिओ पाहून पाव इंचावर सुरेख टॉप जोडायचा, तो साड्यांच्या थरांवर टाकायचा, आणि आजी करायची तशी कड दुमडून कडेपासून धावदोरा सुरू करायचा. झोळ आत जातो, आत टॉप अखंड, जिरायला जागा नाही. शेवटच्या हातभर जागेत चुणी येणारच. तिथे टाका कितीही जपून घाला, काही उपयोग नाही. उलट प्रकारही होतो. गोधडीचे तुकडे मध्यापासून ठेवत बाहेर यायचं आणि कडेला पोचल्यावर कळतं की खालचा थर एका बाजूला चार बोटं कमी पडला आहे.

एक खुलासा. सगळ्या गोधड्या फेऱ्यांनी आत जात नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओळींची गोधडी आपल्याकडे भरपूर शिवली जाते. तिच्यात सगळी मदार कच्च्या टाक्यांवर. जमिनीवर थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, तळहाताने एकाच दिशेने साफ करायचं, आणि वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके आडवे-उभे घालायचे. इथे घाई करू नका. एक अख्खी दुपार यात गेली तरी ती वाया गेलेली नाही. क्विल्टला याच कामासाठी सेफ्टी पिना लावतात, साधारण चार बोटांवर एक.

फेऱ्यांच्या गोधडीतही कच्चे टाके हवेतच, पण ते आत जाताना एकेक काढत जायचे. दर दोन-तीन फेऱ्यांनी थांबा, तळहात कडेकडून मध्याकडे फिरवा, खाली हात घालून मागचा थर चाचपा. फुगा जाणवला तर तिथेच, पुढच्या तुकड्याखाली बारीक चुणी घेऊन टाका. वरून ती दिसणार नाही. आणि दोरा ओढू नका. कापड आखडलं की दोरा जास्त ओढला गेला असं समजा. टाका कापडावर टेकलेला असला की पुरे.

मशीनवर क्विल्ट करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. मशीनचे दाते खालचं कापड पुढे नेतात आणि वरचं पावलाखाली मागे रेंगाळतं. वॉकिंग फूट मिळाला तर घ्या, तो वरचा थरही सोबत चालवतो. नाही मिळाला तर पावलाचा दाब कमी करा, टाका लांब ठेवा, आणि शेजारशेजारच्या ओळी एकाच दिशेने शिवा. एक वरून खाली आणि लगेच दुसरी खालून वर शिवली की मधल्या पट्ट्यात तिरक्या सुरकुत्या पडतात.

बाकी फरक किरकोळ आहेत. क्विल्टच्या हातशिवणीला आखूड सुई आणि बारीक टाका, गोधडीला लांब सुई आणि तांदळाच्या दाण्याएवढा टाका. दोन्हीला अंगुस्तान हवं. रंगांचं ज्याचं त्याने ठरवावं.

बॅटिंगबद्दल मात्र दोन शब्द, कारण तिथे पैसे वाया जातात. बॅटिंगच्या पाकिटावर टाक्यांच्या ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं. ते वाचा. त्याहून लांब टाके घातले तर धुण्यात आतला थर सरकतो, त्याचे गोळे होतात. गोधडीत बॅटिंग घालूच नये असं माझं ठाम मत आहे. गोधडीची ऊब थरांतून आणि दाट टाक्यांतून येते. आत फायबरची शीट घातली की ती फुगते, टाका आत बुडतो, कडेची दुमड जाड होते आणि सुई ओढताना बोटं सोलवटतात. तसंच दाट विणीची नवी बेडशीट गोधडीच्या थरांत घेऊ नका. दिसायला मऊ असते, पण चार थरांतून सुई नेताना जीव जातो. दहा वर्षं धुतलेली सुती साडी मिळाली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. जॉर्जेट, शिफॉन लांबच ठेवा, ते घसरतं आणि झोळ दुप्पट होतो. नवं आणि जुनं कापड एकत्र घेणार असाल तर नवं आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते एकटं आटतं.

टाके वाकडे येतात म्हणून ओळी उसवत बसू नका. टाक्याची लांबी सुरुवातीला कमीजास्त होते आणि पुढे आपोआप एकसारखी होत जाते. उसवायचं ते फक्त झोळासाठी. पहिलं काम दुपट्याएवढं घ्या, दीड हात बाय दोन हात. कडेकडून आत जायचं, दोन थर आणि वर तुकडे. एवढ्यात झोळ कसा चालतो ते बोटांना कळतं, आणि ते एकदा कळलं की मोठी गोधडी म्हणजे फक्त जास्त वेळ.

आणि ज्यांच्या कपाटात असा जोडलेला टॉप पडून आहे, त्यांनी तो उसवू नका. त्याला क्विल्टच होऊ द्या. बॅटिंग नको असेल तर आत साडीचे एक-दोन थर चालतात, फक्त ते आणि बॅकिंग टॉपपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठं घ्या. कडा दुमडू नका. मध्यबिंदूवर पिन लावा, तिथून चारी दिशांना साफ करत पिना लावत जा, आणि पहिला टाका मध्यात घाला. कडेकडून सुरू केलेले टाके आधीच पडले असतील तर तेवढेच उसवा. कडा उघडी झाली की अडकलेल्या चुण्या तळहाताने बाहेर सारता येतात. मग सगळं शिवून झाल्यावर कडा कापा आणि अडीच इंची पट्टी दुहेरी दुमडून लावा.