जोतं बुडालं, ओल चढली

शुक्रवार पेठ, शनिवार पेठ, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ. कोल्हापुरातल्या यातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत शिरा आणि घरांच्या उंबऱ्यांकडे बघत चला. जिथे रस्त्यावरून दोन-तीन पायऱ्या चढून सोप्यात जावं लागायचं, तिथे आता एखादीच पायरी उरलेली दिसते. काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरावं लागतं, आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दारात वीतभर सिमेंटचा बांध घातलेला असतो. घर खचलंय असं वाटतं, पण वर आलाय तो रस्ता.

हिशेब सोपा आहे. डांबरीकरणाचा एक थर साधारण २५ ते ५० मिलिमीटरचा. आधीचा थर खरवडून न काढता त्यावर ४० मिलिमीटरचे पाच थर पडले की रस्ता २०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंच वर येतो. त्यावर पेव्हिंग ब्लॉक बसवले तर ब्लॉकचे ६० ते ८० मिलिमीटर आणि खालच्या कचेचे, म्हणजे बारीक दगडी चुऱ्याचे, आणखी थोडे. काँक्रीट ओतलं तर १५० ते २०० मिलिमीटर एकदम. जुन्या दगडी पायरीची उंची सात-आठ इंच असते. दोन पायऱ्या कुठे गेल्या ते यातून कळतं.

पायऱ्या गेल्या याचं फार वाईट वाटायचं कारण नाही. पण पायऱ्यांबरोबर घराचं जोतं, म्हणजे भिंतींखालचा दगडी चौथराही गाडला गेला, आणि जुन्या घराला लागलेल्या अर्ध्या आजारांचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडच्या जुन्या घराची भिंत खालपासून वरपर्यंत एकाच मालाची नसते. खाली काळ्या दगडाचं जोतं, दोन-अडीच फुटांचं. वर भेंड्याच्या, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, दीड-दोन फूट जाड. त्यांच्यात सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, माथ्यावर कौलं. गिलावा मातीचा नाहीतर चुन्याचा. जोतं दगडाचं ठेवण्यात ऐट होतीच, पण त्याचं खरं काम वेगळं होतं. जमिनीतली ओल किती चढते हे जुन्या गवंड्याला ठाऊक होतं, आणि तेवढ्या उंचीपर्यंत तो भेंड्याला हात लावत नसे.

ही ओल चढते कशी? समईच्या वातीतून तेल चढतं तशीच. मातीत, चुन्यात, विटेत केसाहून बारीक पोकळ्या असतात. पाण्याचे कण त्या पोकळ्यांच्या भिंतींना चिकटतात आणि एकमेकांना वर ओढून नेतात. पोकळी जितकी बारीक तितकं पाणी उंच. अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते जेमतेम तीन सेंटिमीटर चढतं. त्रिज्या एका मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर हीच उंची जवळजवळ दीड मीटर भरते. भरीव काळ्या दगडात, म्हणजे आपल्या बेसाल्टमध्ये, या पोकळ्या फारच कमी असतात, त्यामुळे दगडातून ओल फारशी चढत नाही. ती चढते दगडांमधल्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून, आणि भिंतीच्या पोटात भरलेल्या माती-चिपांतून. जोत्यात तिची वाट अशी अरुंद होते, आणि दर्जांतून ती जाता जाता उडूनही जाते.

ही उंची मोजायची ती बाहेरच्या जमिनीपासून. उंबऱ्याशी तिला काही देणंघेणं नाही. रस्ता सव्वा फूट वर आला की ओलीचा पट्टाही सव्वा फूट वर सरकतो आणि दगड ओलांडून भेंड्यात शिरतो. शंभर वर्षं कोरडी राहिलेली भिंत दहा-पंधरा वर्षांत पोपडे टाकायला लागते, आणि आपण म्हणतो, घर जुनं झालं.

मग घरमालक काय करतो? गवंड्याला बोलावतो. गवंडी सुटलेला गिलावा तासतो आणि तीन-चार फुटांपर्यंत सिमेंटचा चांगला घट्ट थर देतो. वर टाईल्स लावल्या तर आणखी छान. दोन पावसाळे बरे जातात. तिसऱ्या पावसाळ्यात सिमेंट जिथे संपतं त्याच्या बरोबर वर, कमरेच्या नाहीतर छातीच्या उंचीला, ओलीची नवी रेघ उमटते. तिथेही सिमेंट लावलं जातं, आणि रेघ आणखी वर जाते.

यात गवंड्याचा हात वाईट नसतो. भिंतीतली ओल कुठे थांबते हे दोन गोष्टींवर ठरतं: खालून किती पाणी येतंय आणि भिंतीच्या पृष्ठभागावरून किती उडून जातंय. दोन्हींचा मेळ बसला की ओल थांबते. चुन्याचा आणि मातीचा गिलावा वाफेला वाट देतो; सिमेंटचा दाट गिलावा ती वाट बरीच बंद करतो, आणि टाईल किंवा प्लास्टिक पेंट पुरतीच बंद करतात. खालून पाणी येतंच राहतं, उडायला जागा उरत नाही, मग ते मोकळी भिंत सापडेपर्यंत वर चढतं. बाहेरून सिमेंट केलं असेल तर आतल्या खोलीत उतरतं. कपाटामागची भिंत काळी पडते ती अशी.

चुन्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विरवली की भिजका चुना होतो. चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळून तो भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत पुन्हा चुनखडी बनतो. हे सावकाश होतं, महिने-वर्षं चालतं. म्हणून भिंत थोडीशी हलली तरी चुना सांभाळून घेतो, आणि बारीक चिरा कधीकधी आपोआप भरूनही येतात. सिमेंट चोवीस तासांत घट्ट होतं आणि भेंड्यापेक्षा कितीतरी कडक होतं. भिंत हलली की कडक थर मऊ थराला सोडून उभा राहतो. बोटाने टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो. त्या पोकळीत भेंड्याचा चिखल झालेला असतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मला सिमेंटमधली ही गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते: ते आजार झाकून ठेवतं.

आता लोणा. भिंतीवर पांढरी पूड येते, खरवडली की पुन्हा येते, तो लोणा म्हणजे क्षार. जमिनीतलं पाणी क्षार विरघळवून आणतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि पोकळ्यांत त्यांचे स्फटिक वाढतात. वाढत्या स्फटिकाचा दाब विटेचे पापुद्रे उडवण्याइतका असतो. कोल्हापूरच्या पेठांत यातला एक क्षार मुबलक आहे, आणि त्याचं कारण अगदी इथलं आहे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या या गावात पेठापेठांतल्या घरांच्या परसात गोठे होते. पिढ्यान् पिढ्या शेण-मूत मुरलेल्या मातीत जिवाणू नायट्रेट तयार करतात. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अशाच मातीतून काढत. गोठा मोडून तिथे न्हाणीघर, मग संडास झाला, तरी माती तीच राहिली.

क्षारांची दुसरी खोड अशी की ते हवेतली आर्द्रता ओढून घेतात. साधं मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच विरघळतं, आणि कॅल्शियम नायट्रेट तर ५०-५५ टक्क्यांनाच. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे थेंबभर पाणी न लागताही लोणा धरलेली भिंत श्रावणात ओली होते आणि दिवाळीनंतर वाळून पूड टाकते. अशा वेळी छतावर वॉटरप्रूफिंग करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. भिंतीचा हातभर भाग पुसून त्यावर स्वच्छ प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेची वाफ गार भिंतीवर थिजतेय. तिथे खिडकी उघडणं पुरतं.

जमिनीत एवढं पाणी येतं कुठून, हा पुढचा प्रश्न. थोडं फुटक्या पाईपांतून आणि तुंबलेल्या गटारांतून. बाकीचं पावसाचं. पूर्वी परसातली माती आणि गल्लीतली कच्ची कड ते शोषून घ्यायची. आज हजार चौरस फुटांच्या फरशीबंद जागेवर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी वाहून निघतं, आणि उंच रस्ता व खोलगट घर यांच्यामधल्या फटीत साठतं. ती फट नेमकी भिंतीच्या पायाशी असते.

शहराने पाण्याच्या जागाही बुजवल्या. कपिलतीर्थावर मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. गांधी मैदानात पावसाळ्यात तळं साचतं याची दरवर्षी बातमी होते. ते मूळचं तळंच आहे, पाण्याला पत्ता माहीत आहे. अंबाबाईच्या आवारातलं बुजवलेलं मणिकर्णिका कुंड अलीकडे उकरून मोकळं केलं, ही त्यातल्या त्यात उलटी घटना.

महापुराचं गणित मात्र वेगळं, त्याचं खापर रस्त्यांच्या उंचीवर फोडू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. एवढं पाणी आलं की जोतं असलं काय, नसलं काय. भेंड्याची भिंत अनेकदा पूर चढताना न पडता ओसरताना पडते. दोन्ही बाजूंनी पाण्याचा आधार असतो तोवर ती उभी राहते. पाणी उतरतं, आधार जातो, आणि तळाशी लगदा झालेल्या भिंतीवर वरचं सगळं ओझं येतं. सिमेंट मारलेल्या भिंतीत हा लगदा लवकर वाळत नाही, म्हणून पूर गेल्यावरही अशा घरात घाईने राहायला जाऊ नये.

घर पाडून आरसीसीचं बांधायचं ठरवलं तरी शेजारी सुटत नाही. पेठांतले प्लॉट अरुंद आणि खोल, भिंती बऱ्याचदा सामाईक. नव्या कॉलमसाठी शेजारच्या भिंतीला खेटून खड्डा खणला की तिच्या पायाखालची माती सुटते. खड्डे टप्प्याटप्प्याने खणणं, टेकू देणं, पावसाळ्यात न खणणं, एवढी पथ्यं पाळली तर बरीच भांडणं वाचतील. शहराची हद्दवाढ वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली आणि गावाच्या मधोमध जागेला भाव आहे, त्यामुळे हे खड्डे वाढणारच.

जे घर ठेवायचं आहे त्याला फार महागडं काही लागत नाही. भिंतीलगत फूटभर रुंद चर, जुन्या जोत्याच्या तळापर्यंत, तळाला उतार देऊन, त्यात खडी. म्हणजे पाणी भिंतीला न लागता निघून जातं आणि जोत्याला हवा मिळते. सिमेंटचा गिलावा काढून टाकायचा. गल्लीत नवा रस्ता होणार असेल तर जुना थर खरवडूनच नवा टाकावा, हे काम सुरू व्हायच्या आधी नगरसेवकाकडून लिहून घ्यायचं. काँक्रीट पडल्यावर बोलून उपयोग नसतो. सिमेंट काढल्यावर भिंत वाळू द्यायची. ठोकताळा असा की भिंतीच्या दर इंच जाडीला साधारण एक महिना, म्हणजे दोन फुटी भिंतीला दोन वर्षं. या काळात लोणा भरपूर बाहेर येतो. तो कोरड्या ब्रशने झाडून भरून न्यायचा, पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर तो परत आत जातो. चुन्याचा नवा गिलावा त्यानंतर, आणि त्यावर रंग चुन्याचाच.