लेव्हल वेगळी, ग्रेड वेगळी: ‘सी ऑफ थीव्ज’मध्ये खजिना विकण्यापूर्वी

रेअर या कंपनीने २०१८ साली ‘सी ऑफ थीव्ज’ हा चाचेगिरीचा व्हिडिओ खेळ आणला आणि एप्रिल २०२० मध्ये त्यात एमिसरीचा झेंडा, म्हणजे खेळातल्या एखाद्या व्यापारी कंपनीचे प्रतिनिधी असल्याचा झेंडा, आला. तेव्हापासून आमच्या इंदुरात, रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या मराठी घरांतल्या मुलांमध्ये, एक गैरसमज इतका पक्का बसला आहे की जुना खेळाडू तो नव्याच्या हाती जसाच्या तसा सोपवतो. खेळातल्या व्यापारी कंपनीतली लेव्हल आणि झेंड्याची ग्रेड एकच, किंवा निदान एक चढली की दुसरी आपोआप चढते, असे ही मंडळी धरून चालतात. ‘दादा, गोल्ड होर्डर्सकडे माझी लेव्हल पन्नास झाली, मग पेटीचा भाव का वाढत नाही?’ हा प्रश्न माझ्या मावसभावाने विचारला, त्याच्या मित्रांनी विचारला, आणि आता त्यांची धाकटी भावंडे विचारू लागली आहेत.

लेव्हलविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण ती प्रत्येकाला ठाऊक असते. पेट्या गोल्ड होर्डर्सना, कवट्या ऑर्डर ऑफ सोल्सला आणि व्यापारी माल मर्चंट अलायन्सला विकत गेलो की त्या त्या कंपनीकडे आपली पत, म्हणजेच लेव्हल, वाढते. ही पत खेळाडूची स्वतःची असते. जहाज बुडो, खेळ बंद होवो, महिनाभर कोणी फिरकले नाही तरी ती जागची हलत नाही. तीन कंपन्यांत पन्नासावी लेव्हल गाठली की ‘पायरेट लेजंड’ हा मानाचा किताब मिळवता येतो. मात्र लेव्हल वाढल्याने पेटीचा भाव एका नाण्यानेही वाढत नाही.

ग्रेड ही खेळाडूची नसून जहाजाची, आणि तीसुद्धा त्या वेळच्या सफरीपुरतीच असते. आउटपोस्टवर, म्हणजे माल विकण्याच्या बेटावर, कंपनीच्या जागेपाशी असलेल्या एमिसरीच्या टेबलावर खलाशांनी मत दिले की जहाजावर झेंडा चढतो आणि ग्रेड एकपासून सुरू होते. त्यानंतर त्याच कंपनीच्या मोहिमा पूर्ण केल्या, तिचा माल शोधून ताब्यात घेतला, की ती पाचापर्यंत चढते. गोल्ड होर्डर्सच्या झेंड्याखाली कवट्यांचा ढीग लावला तरी त्याचा ग्रेडसाठी उपयोग नाही. मत देऊन झेंडा उतरवला किंवा जहाज बुडाले की ग्रेड संपते आणि पुढच्या वेळी पुन्हा एकपासून चढावे लागते.

भाव वाढतो तो या ग्रेडमुळे. पहिल्या ग्रेडला मूळ किंमत मिळते, दुसरीला १.३३ पट, तिसरीला १.६७ पट, चौथीला दुप्पट आणि पाचवीला अडीचपट. एवढे आकडे पुष्कळांना पाठ असतात, आणि तरीही ते चुकतात ते पुढच्या एका मुद्द्यावर, ज्यासाठी मी हे सगळे लिहितो आहे. पेटी सापडली तेव्हा ग्रेड काय होती याला काहीही महत्त्व नाही. पेटी विकताना जहाजाची जी ग्रेड असेल, त्याच ग्रेडचा भाव लागतो. सराफ्यात सोने मोडायला गेल्यावर भाव त्या दिवसाचा लागतो, आजीने ते कधी घेतले होते त्या दिवसाचा नाही, इतके हे सरळ आहे. समजा प्रत्येकी ४०० नाण्यांच्या पाच पेट्या दुसऱ्या ग्रेडला विकल्या, तर २,६६० नाणी मिळतील. त्याच पेट्या जहाजाच्या तळाशी ठेवून पाचव्या ग्रेडला विकल्या, तर ५,००० मिळतील, मग त्यातली पहिली पेटी झेंडा चढवल्याबरोबर सापडलेली का असेना. म्हणून एकेक बेट झाले की धावत आउटपोस्ट गाठून दोन-दोन पेट्या विकण्याची जी सवय आमच्याकडे दिसते, ती मला अजिबात पटत नाही.

माल साठवून ठेवण्यात धोका आहे, हे खरेच. विकेपर्यंत खजिना कोणाच्याच मालकीचा नसतो. जहाज बुडाले की पेट्या पाण्यावर तरंगतात आणि ज्याने त्या विकल्या त्याचे पैसे. बुडालेल्या जहाजाचा झेंडासुद्धा रीपर्स बोन्स या लुटारू कंपनीला विकता येतो. शिवाय पाचव्या ग्रेडच्या रीपर जहाजाला इतर कंपन्यांचे झेंडे नकाशावर दिसतात. पण रीपर्सचे जहाजही सर्वांना नकाशावर दिसत असते, तेव्हा दर थोड्या वेळाने नकाशाच्या टेबलावर एक नजर टाकणे हाच उपाय आहे. ते जवळ येऊ लागले तर चौथ्या ग्रेडलाच विकून मोकळे व्हावे. दुप्पट भाव काही थोडा नव्हे. धक्क्यावर उतरवतानाही एकाने पहाऱ्यावर राहावे, कारण हातात पेटी असलेल्याला तलवार उपसता येत नाही. २०२२ पासून स्वतःच्या नावाचे जहाज असलेल्या कप्तानाला जवळपास सगळ्या प्रकारचा माल आउटपोस्टवरच्या सॉव्हरिन्स या खरेदीदारांकडे एकाच ठिकाणी देता येतो, त्यामुळे ही धावपळ बरीच कमी झाली आहे.

फरक डोळ्यांसमोर हवा असेल तर २०२३ च्या डिसेंबरात आलेल्या सेफर सीज या प्रकारात खेळून पाहावे. तिथे दुसऱ्या जहाजांवरचे खेळाडू नसतात आणि लेव्हल ठरावीक मर्यादेपर्यंत वाढते, पण एमिसरीचा झेंडा लावताच येत नाही, म्हणून ग्रेड हा प्रकारच नाही. उलट बाजूने पाहायचे तर कालच खेळ सुरू केलेल्या भावंडाला आपल्या पाचव्या ग्रेडच्या जहाजावर घ्यावे. विक्रीची रक्कम खलाशांत वाटली जात नाही, प्रत्येकाला पूर्ण मिळते; त्यामुळे त्याची लेव्हल एक असली तरी त्याच्या खात्यात अडीचपटच जमा होतील.

राहिला क्रम, आणि तोही पुष्कळजण उलटा करतात. झेंडा उतरवताना ग्रेडनुसार वेगळे बक्षीस मिळते, त्या लोभाने काहीजण माल जहाजावर असतानाच टेबलाकडे धावतात आणि मग उरलेल्या पेट्या मूळ किमतीला विकतात. आधी शेवटची पेटी विकावी, तळ आणि डेक एकदा फिरून पाहावा, लहान होडी बांधलेली असेल तर तिच्यातही डोकावावे, आणि मगच झेंडा उतरवण्यासाठी मत द्यावे.