पार्श्वभूमी : शाळेतील कृपाण आणि ‘शस्त्र’ या शब्दाचा गुंता

परदेशातील एखाद्या शाळेत शीख विद्यार्थ्याच्या कृपाणावरून वाद उद्भवला की मराठी बातम्यांत त्याच वस्तूला कधी ‘खंजीर’, कधी ‘सुरा’, तर कधी ‘कट्यार’ म्हटले जाते. या प्रत्येक शब्दाला आपापला वास आहे, आणि खंजिराचा वास पाठीत खुपसण्याचा आहे. वस्तुतः कृपाण हा शब्द मराठीला परका नाही. संस्कृतातून आलेला, तलवार याच अर्थाचा तो शब्द जुन्या काव्यात सहज भेटतो. शीख समाजात त्याची फोड ‘किरपा’ आणि ‘आन’, म्हणजे कृपा आणि प्रतिष्ठा, अशी सांगितली जाते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही फोड टिकणारी नाही, परंतु धारण करणारा त्या वस्तूकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे तीतून नेमके कळते. अडचण होते ती या फोडीच्या आधारे ‘कृपाण हे शस्त्र नव्हेच’ असा दावा केला जातो तेव्हा. पाते असलेली वस्तू समोर ठेवून तो दावा पटवणे कठीण असते आणि समोरच्याचा संशय उलट वाढतो. शीख परंपरा तलवारीचे तलवारपण नाकारत नाही. ती केव्हा आणि कोणासाठी उचलायची याची मर्यादा घालते.

हा गुंता वसाहतकाळापासूनचा आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली तलवारीला परवाना लागे. १९१४ मध्ये पंजाबात कृपाणाला त्यातून सूट मिळाली, पण कृपाण किती लांबीचे हे कोठेही लिहिलेले नव्हते. परिणामी १९२० नंतरच्या गुरुद्वारा सुधारणा आंदोलनाच्या दिवसांत मोठी कृपाणे बाळगणाऱ्यांना ‘ही तर तलवार’ म्हणून पकडण्यात आले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे व जवळ बाळगणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आणि मूळ प्रश्न मिटवला. लांबीचा प्रश्न मात्र तेथेही अनुत्तरित राहिला.

आजच्या चर्चेत वारंवार पुढे येणारे प्रकरण कॅनडातील क्वेबेक प्रांताचे आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये मॉन्ट्रियल परिसरातील एका सरकारी शाळेच्या पटांगणात बारा वर्षांच्या अमृतधारी (खालसा पंथाची दीक्षा घेतलेल्या) मुलाचे कपड्यांखालील कृपाण चुकून खाली पडले. कोणाला इजा झाली नव्हती आणि कोणाला धमकीही दिली गेली नव्हती. काळ मात्र लक्षात घ्यावा लागतो. दोनच महिन्यांपूर्वी, ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर रोजी, अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका पगडीधारी शीख पेट्रोलपंपचालकाची केवळ वेशावरून गोळ्या घालून हत्या झाली होती, आणि उत्तर अमेरिकेत दाढी-पगडीकडे पाहण्याची नजरच बदलली होती.

आरंभी शालेय प्रशासनाने समजूतदारपणा दाखवला. कृपाण कपड्यांच्या आत पक्के बंद ठेवावे, असा तोडगा त्याने सुचवला आणि पालकांनी तो मान्य केला. शाळेच्या नियामक मंडळाने मात्र २००२ च्या आरंभी, आचारसंहितेत शस्त्रांना मनाई आहे एवढ्या आधारावर, तो फेटाळला. त्यावरील वरिष्ठ शालेय मंडळाने पर्याय दिला तो गळ्यातील पदकाच्या रूपातील किंवा लाकूड, प्लॅस्टिक अशा पदार्थाच्या प्रतीकात्मक कृपाणाचा. कृपाण धातूचेच असले पाहिजे अशी मुलाची प्रामाणिक श्रद्धा होती, त्यामुळे कुटुंबाने तो स्वीकारला नाही आणि न्यायालयात धाव घेतली. शेजारच्या ऑन्टारिओ प्रांतातील एका शालेय विभागात १९९० पासूनच आकाराच्या मर्यादेसह कृपाणाला मुभा होती, ही गोष्ट या साऱ्या चर्चेत दुय्यम ठरली.

प्रांतातील न्यायालयाने मे २००२ मध्ये कृपाणाला मुभा देताना घातलेल्या अटी पाहिल्या, तर वाद किती लहान जागेत मावत होता हे दिसते. म्यान धातूचे नसून लाकडाचे असावे. म्यानासह कृपाण जाड कापडाच्या पाकिटात घालून शिवून टाकावे. ते पाकीट गात्र्याला, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याला, शिवलेले असावे. सर्व काही कपड्यांखाली असावे. शाळेला तपासणीचा अधिकार असावा आणि कृपाण हरवल्यास तत्काळ कळवावे. अशा रीतीने शिवलेले पाते काढण्यास किती वेळ लागेल आणि वर्गातील कात्री उचलण्यास किती, ही तुलना कोणालाही सुचावी. तरीही २००४ मध्ये अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला.

२ मार्च २००६ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण बंदी रद्द केली. कृपाणाचा गैरवापर होऊन कोणी जखमी होऊ शकेल, हे न्यायालयाने नाकारले नाही, आणि निकालाचे बळ माझ्या मते याच कबुलीत आहे. शीख समाज त्या देशात सुमारे शंभर वर्षे असूनही शाळेत कृपाणाने हिंसा झाल्याची नोंद नाही, आणि कात्र्या, पेन्सिली, बेसबॉलच्या बॅटी शाळेत असतातच, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. कृपाण हिंसेचे प्रतीक असल्याचा युक्तिवाद शीख धर्माचा अनादर करणारा आहे, असेही नमूद केले. विमानात अनोळखी माणसे थोड्या वेळासाठी एकत्र येतात, तर शाळेत शिक्षक मुलांना ओळखतात, म्हणून दोन्ही ठिकाणी एकच कसोटी लागत नाही, असा भेदही केला. तोपर्यंत तो मुलगा केव्हाच खासगी शाळेत गेला होता.

निकालाने प्रांताचे मन वळले नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये क्वेबेकच्या विधानसभेने सभागृहाच्या इमारतीत कृपाणाला एकमताने मज्जाव केला आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने असा मज्जाव करण्याचा विधानसभेचा अधिकार मान्य केला. उलट केंद्रीय पातळीवर नोव्हेंबर २०१७ पासून सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याचे कृपाण बहुतेक विमानप्रवासात नेता येऊ लागले. भारतातील देशांतर्गत उड्डाणांत ही मर्यादा पात्यासाठी १५.२४ आणि एकूण लांबीसाठी २२.८६ सेंटिमीटर आहे. वसाहतकाळात न लिहिलेली लांबी आता दशांश चिन्हापर्यंत लिहिली गेली आहे.

‘शाळेत कधी घडले नाही’ या युक्तिवादाला मे २०२१ मध्ये तडा गेला. सिडनीच्या एका उपनगरातील शाळेत एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला कृपाणाने भोसकल्याचा प्रकार घडला आणि न्यू साउथ वेल्स राज्याने सर्व सरकारी शाळांत बंदी घातली. काही महिन्यांच्या चर्चेनंतर ती सशर्त उठली. कृपाण लहान असावे, धार व टोक बोथट असावे आणि ते कपड्यांखाली बांधलेले असावे, अशा त्या अटी मॉन्ट्रियलच्या २००२ मधील अटींहून फार दूरच्या नव्हत्या.