लाखो अंडी, तरीही मासे संपतात

‘एक मादी लाखो अंडी घालते, मग समुद्रातले मासे संपतील कसे?’ हा समज जुना आहे. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञानेही कॉड या थंड समुद्रातल्या खाद्य माशासारख्या माशांचे मोठे साठे बहुधा अक्षय असल्याचे सांगितले. ‘सध्याच्या मासेमारीच्या पद्धती पाहता’ ही त्यांची पुस्ती मात्र लोक विसरले.

अंडी म्हणजे मासे नव्हेत. बहुतेक अंडी आणि पिल्ले मोठी होण्याआधीच खाल्ली जातात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड वयात यायलाच पाच-सहा वर्षे घेतो, आणि कारखान्यांएवढ्या ट्रॉलरनी (मोठी जाळी ओढत नेणाऱ्या जहाजांनी) साठा भरून यायच्या आत त्याचा उपसा केला. जुलै १९९२ मध्ये तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचे काम गेले. तीन दशकांनंतरही तो साठा पूर्वीसारखा झालेला नाही.

याचे फार वाईट वाटते, कारण उपाय अवघड नाहीत. जाळ्याची आस, म्हणजे भोके, मोठी ठेवली की पिल्ले निसटतात. प्रजननकाळातली बंदी पाळायला हवी. आणि थोराड माद्या तर जपायलाच हव्यात: पहिल्यांदा वयात आलेल्या मादीपेक्षा त्या कितीतरी पट अंडी घालतात.