अनातोलियातली ती रात्र, आणि एक शब्दही न बोलणारी जेमिले

तुर्की दिग्दर्शक नुरी बिल्गे जेलानचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया' २०११ ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये ग्रां प्री, म्हणजे तिथलं दोन नंबरचं बक्षीस, घेऊन गेला (बेल्जियमच्या दार्देन भावांच्या पिक्चरसोबत विभागून). गोष्ट साधी आहे. अनातोलिया म्हणजे तुर्कीचा आशियातला भाग, तिथला ओसाड माळ, रात्र, तीन गाड्यांचे हेडलाइट, आणि पोलीस, सरकारी वकील, डॉक्टर, ड्रायव्हर, खड्डा खणायला आणलेली माणसं असे सगळे मिळून एक प्रेत शोधतायत, कारण आरोपीला ते नेमकं कुठे पुरलंय तेच आठवत नाहीये. सगळे पुरुष. अडीच तासांच्या पिक्चरमध्ये बायका किती कमी बोलतात हे बघितलं की हा नुसता पोलिसी पिक्चर नाही हे लक्षात येतं, आणि मला त्यामागचा इतिहासच जास्त महत्त्वाचा वाटतो.

सहलेखक एर्जान केसाल तरुणपणी अनातोलियातल्याच केस्किन भागात डॉक्टर होता, गोष्ट त्याच्या तिथल्या अनुभवातून आलीय. पिक्चरमधला मुख्तार, म्हणजे गावचा सरपंचच म्हणा, तोही त्यानेच केलाय. जेवताना हा मुख्तार सरकारी वकिलाकडे गावासाठी शवागार मागतो, का तर पोरं परदेशात, आणि आईबापांचं तोंड शेवटचं बघायला ती येईपर्यंत प्रेत ठेवायचं कुठे? ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्की आणि पश्चिम जर्मनीचा कामगार करार झाला तेव्हापासून अनातोलियातली गावं अशी रिकामी होत गेली. तेवढ्यात लाइट जाते आणि मुख्तारची मुलगी जेमिले कंदील आणि चहाचा ट्रे घेऊन येते. एक शब्द नाही. कंदिलाचा उजेड एकेकाच्या चेहऱ्यावर पडतो, जो तो तिच्याकडे बघतच राहतो, आरोपी तर रडायला लागतो. बाकीच्या बायका फोनवर, फोटोत, नाहीतर पुरुषांच्या गप्पांमध्ये. तुर्कीत बायकांना १९३४ लाच संसदेसाठी मताचा हक्क मिळाला होता, तरी या रात्रीत त्यांना जागा नाही, आणि जेलानला ते नीट दिसलंय असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू, कुणाची ओळख दिसते आणि कुणाची नाही. चिडका कोमिसर (पोलीस अधिकारी) नाजी करणारा यिल्माझ एर्दोआन तुर्कीच्या आग्नेय टोकाच्या हक्कारीचा कुर्द आहे, म्हणजे तिथल्या मोठ्या अल्पसंख्याक समाजातला, पण पिक्चरमध्ये कुर्द हा विषयच नाही. १९८० च्या लष्करी बंडानंतर १९८३ चा कायदा क्रमांक २९३२ आला आणि कुर्दी भाषेत काही छापणं, प्रसारित करणं बेकायदा झालं, तो हटला १९९१ ला. कुर्द दिग्दर्शक यिल्माझ ग्युनेचा 'योल' १९८२ ला कान फेस्टिव्हलमध्ये पाम दोर, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, घेऊन आला, खुद्द तुर्कीत मात्र तो १९९९ पर्यंत लागूच शकला नाही. त्याच्याही आधी, येशिलचाम म्हणजे इस्तंबूलच्या जुन्या फिल्म इंडस्ट्रीत, आर्मेनियन नट तुर्की नाव लावून काम करायचे. खलनायक म्हणून घराघरात माहीत असलेला केनान पार्स मुळात किर्कोर जेझवेजियान. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आणि नाव मात्र लपवायचं, हे किती जड जात असेल. जेलानच्या पिक्चरमध्ये एका ड्रायव्हरला सगळे 'अरब अली' म्हणतात, तुर्कीत बोलताना सावळ्या-काळ्या माणसाला सर्रास 'अरब' म्हणतात, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटत नाही.

नाजी आरोपीला मारायला धावतो तेव्हा सरकारी वकील ओरडतो की असंच का जाणार आपण युरोपियन युनियनमध्ये. २००५ पासून त्या वाटाघाटी सुरू होत्या, पोलिसांची मारहाण हा त्यातला मोठा अडसर, त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाला ते वाक्य लगेच लागत असणार.

सकाळी दवाखान्यात मेलेल्याची बायको प्रेत ओळखायला येते, मुलाला घेऊन. मग पोस्टमॉर्टेममध्ये श्वासनलिकेत माती सापडते, म्हणजे माणूस पुरला तेव्हा जिवंत होता. डॉक्टर ते रिपोर्टमध्ये लिहीत नाही. खिडकीतून त्याला ती दिसते, नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन मुलासोबत चाललेली, आणि तिला यातलं काहीच कळलेलं नसतं.