चोखियाची महारी म्हणते: ‘आत्मा तो निर्मळ’

किशोरी आमोणकरांच्या गायनामुळे ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग घराघरांत पोहोचला. ऐकता ऐकता डोळे मिटतात. पण त्याची शेवटची ओळ डोळे उघडे ठेवून ऐकावी अशी आहे: ‘पाहते पाहणे गेले दूरी, म्हणे चोखियाची महारी.’ मीतूंपण वाया गेले, भेदाचे काम उरले नाही, असे सांगणाऱ्या सोयराबाई नाममुद्रेच्या जागी स्वतःचे नाव घालत नाहीत. त्या नवऱ्याचे, म्हणजे संत चोखामेळा ऊर्फ चोखोबांचे, नाव सांगतात आणि जात सांगतात.

त्यांचा दुसरा एक अभंग याच्या शेजारी ठेवला म्हणजे या नाममुद्रेचा अर्थ उलगडायला लागतो.

‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥’

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, मंगळवेढ्याच्या महारवाड्यातली ही बाई. गावातली मेलेली ढोरे ओढायची, गावाचे उष्टे खायचे, हेच त्या घराच्या वाट्याला आलेले. तिच्या तोंडी ‘शुद्ध बुद्ध’ हे शब्द कुठून आले? ते तर थेट वेदान्ताच्या पाठशाळेतले आहेत. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या आरंभीच शंकराचार्य ब्रह्माचे वर्णन ‘नित्यशुद्धबुद्धमुक्तस्वभाव’ असे करतात. जे स्वभावतःच शुद्ध आहे त्याला शुद्ध करायचे नसते, फक्त ओळखायचे असते, हा त्यांचा सिद्धान्त. पाठशाळेपासून महारवाड्यापर्यंतची या शब्दांची वाट हाच या टिपणाचा विषय आहे. ती वाट सरळ नव्हती.

मूळ अर्थातच उपनिषदांत. बृहदारण्यकात ‘अहं ब्रह्मास्मि’ आहे. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी मीठ दिसत नाही, पण पाणी कुठूनही चाखले तरी खारटच लागते. ‘तत्त्वमसि’, ते तू आहेस, असे बाप मुलाला पुन्हा पुन्हा सांगतो. यात कुठेही जातीची अट नाही. पण हे ऐकायला कोणी बसायचे, यावर अट आली. ज्या ब्रह्मसूत्रभाष्यात आत्म्याचे नित्यशुद्धत्व सांगितले आहे, त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायात शूद्राला वेदश्रवणाचा अधिकार नाही असा निर्णय दिला आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतावी, हे स्मृतिवचनही तिथे आधाराला घेतले आहे.

हा विरोध आजच्या वाचकाला खटकतो. त्या व्यवस्थेला तो खटकला नाही, कारण तिच्यापाशी एक सोय होती. परमार्थात सगळे एक, व्यवहारात मात्र भेद पाळायचा, अशी दोन दालने केली की काहीच अडत नाही. आत्मा निर्मळ आहे हे मान्य करायचे आणि पाणी वरूनच वाढायचे. काशीच्या रस्त्यात चांडाळाने ‘बाजूला सर म्हणतोस ते देहाला की आत्म्याला?’ असे शंकराचार्यांना विचारल्याची आख्यायिका पुढे रूढ झाली. ती घडली की नाही याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. हा प्रश्न लोकांना सुचत होता, एवढे तिच्यावरून नक्की दिसते.

मराठी मुलखात हे ज्ञान दोन-तीन वाटांनी उतरले. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’, परंपरेने शके 1110चा, ब्रह्मविद्या मराठीत आणतो. त्यांची समाधी आंबेजोगाईला दाखवतात. त्याच सुमारास नाथपंथीयांचा ‘सोहं’ गावोगाव फिरत होता. श्वासाबरोबर आपोआप चालणारा हा जप, ‘तो मीच’, त्याला ना पोथी लागते ना सोवळे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात गहिनीनाथांनी तो निवृत्तिनाथांना दिला असे संप्रदाय सांगतो.

तिसरी वाट अद्वैताची नव्हे, तरीही ती इथे सांगायलाच हवी. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात जीव आणि परमेश्वर कायमचे वेगळे. ‘मीच ब्रह्म’ ही भाषा त्यांना मान्य नाही. पण विटाळावर सर्वांत स्वच्छ बोलले ते चक्रधरच. लीळाचरित्रात बाईच्या मासिक पाळीचा विषय निघतो. नाकाला शेंबूड येतो, डोळ्यांना चिपडे येतात, कानात मळ साठतो, तसाच हाही शरीराचा एक स्राव. तो येतो आणि थांबतो, त्याचा विटाळ धरू नये, असे ते समजावतात. तेराव्या शतकातले हे बोल आहेत. आत्म्यापर्यंत न जाता, नुसत्या देहाकडे नीट पाहूनच विटाळाची समजूत इथे उतरवली आहे. हे पाहणे लक्षात ठेवावे; सोयराबाईंपाशी ते पुन्हा भेटते.

मग शके 1212, म्हणजे 1290, नेवासे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांपैकी एक गीतेवर बोलतो आहे. ज्ञानेश्वरीतले सगळे मोठेपण इथे सांगता येणार नाही, पण अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडची एक ओवी या इतिहासाच्या मधोमध उभी आहे:

‘वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥’

वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही. तीनच वर्णांच्या कानाला लागला. बाकीच्यांना, स्त्रीशूद्रादिकांना, त्याने दाराबाहेर ठेवले. पुढे ज्ञानदेव म्हणतात की हे उणे फेडण्यासाठीच वेद गीतेच्या रूपाने पुन्हा आला, कोणालाही सेवन करता यावे म्हणून. वेदाला कंजूष म्हणण्याचे हे धाडस पंचविशीही न गाठलेल्या मुलाचे आहे, आणि त्यामागे पैठणच्या ब्रह्मसभेपुढे शुद्धिपत्रासाठी उभे राहिल्याची कहाणी आहे. आपण शुद्ध आहोत हे दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागणे म्हणजे काय, हे त्या घराला चांगलेच माहीत होते.

अमृतानुभवात ज्ञानदेव आणखी एक पेच सोडवतात. देव आणि मी एकच असू, तर भक्ती कोणी कोणाची करायची? ‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥’ एकाच डोंगरात देव कोरला, देऊळ कोरले, भोवतीचा परिवारही कोरला. दगड एकच, तरी पूजा चालते. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या माणसाला ही ओवी समजावून सांगावी लागत नाही. मला विचाराल तर मराठी भक्तीचा सगळा गाभा या एका दृष्टान्तात आहे. इथे एकरूप होण्यासाठी विठ्ठल सोडावा लागत नाही. म्हणूनच पुढे तुकोबा एकीकडे ‘देव पहावया गेलों । तेथें देवचि होउनि ठेलों’ म्हणतात आणि दुसरीकडे ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं’ अशी लाडिक मागणीही करतात, आणि कोणत्याही वारकऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही.

ज्ञानदेवांनी 1296ला आळंदीत समाधी घेतली. ग्रंथातले ज्ञान चंद्रभागेच्या वाळवंटात आणण्याचे काम नामदेवांनी केले. त्यांच्या स्वतःच्या घडणीची गोष्ट प्रसिद्ध आहे. विठ्ठलाशी रोज बोलणाऱ्या नामदेवांना गोरोबाकाकांनी थापटणे मारून ‘हे मडके कच्चे’ म्हटले. मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. पाय उचलून दुसरीकडे ठेवायला गेले, तर ठेवतील तिथे पिंड. देव नाही अशी जागा कुठे आहे, हा प्रश्न नामदेवांच्या हाताने विचारला गेला. देव जर सगळीकडे आहे, तर अमक्याच ठिकाणी, अमक्याच देहात तो नाही हे म्हणण्याची सोय संपते. नामदेवांनी कीर्तनात चोखोबांना जवळ घेतले ते हे शिकून आल्यावर.

म्हणजे सोयराबाईंपर्यंत ‘शुद्ध बुद्ध’ आले ते कानावाटे, आणि मराठीतून. गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, विसोबा, नामदेव, चोखोबा अशी ती साखळी आहे. ज्या कानांना वेद लागला नव्हता, त्या कानांना कीर्तन लागले.

चोखोबांच्या घरात सगळेच अभंग रचत: सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचे यजमान बंका. लिहून ठेवण्याचे काम एका ब्राह्मणाने केले असे परंपरा मानते. संतांचे लेखनिक सांगणाऱ्या, जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात चोखोबांपुढे अनंतभट्टांचे नाव येते. या घरात विटाळ हा शब्द रोजचा होता. चोखोबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला: ‘वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ । पुराणें अमंगळ विटाळाचीं ॥’ ब्रह्मा, विष्णू, शंकर, जन्म, मरण, सगळ्यांना विटाळ लावत शेवटी ‘विटाळ आदिअंती’ म्हणून ते थांबतात. सगळेच विटाळलेले असेल, तर एकट्या चोख्याला बाहेर का उभे करता?

सोयराबाई याच जागेवरून पुढे जातात, आणि त्यांच्यापाशी एक गोष्ट आहे जी चोखोबांपाशी असू शकत नाही. त्या बाळंत झालेल्या आहेत. ‘आत्मा तो निर्मळ’ म्हणणाऱ्या त्याच अभंगात पुढे आहे: 

‘देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥
विटाळावांचोनी उत्पत्तीचें स्थान । कोणे देह निर्माण नाही जगी ॥’

विटाळाशिवाय कोणताच देह निपजत नाही. सोवळे नेसून गाभाऱ्यात उभा असलेलाही त्याच रक्तातून आला. चक्रधरांनी देहाकडे पाहून जे सांगितले आणि ज्ञानदेवांनी आत्म्याकडे पाहून जे सांगितले, ते दोन्ही या एका अभंगात एकत्र आले आहे. आणि इथेच ती जुनी दोन दालने मोडतात. ‘आत्मा निर्मळ’ एवढेच म्हटले असते, तर ‘हो, आत्मा निर्मळच, पण देह मात्र बाहेर ठेव’ असे उत्तर तयार होते. सोयराबाई आधी देहाचा हिशेब चुकता करतात. व्यवहाराच्या आड लपायला जागाच ठेवत नाहीत. मग पांडुरंगाची थोरवी गातात, ‘विटाळ देहांतरी वसतसे’ म्हणून.

त्यांच्या बाळंतपणाची कथाही या अभंगाशेजारी वाचावी. चोखोबा बहिणीला आणायला मेहुणपुऱ्याला गेलेले, इकडे सोयराबाईंना कळा सुरू झाल्या. तेव्हा विठ्ठल नणंदेचे रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केले. शास्त्राने ज्याला सर्वांत अमंगळ ठरवले, त्या घरात, त्या बाईजवळ, त्या घटकेला देव हात घालतो. लोकांनी ही कथा जपली, यावरून लोकांच्या मनात हा अभंग किती खोल गेला होता ते कळते.

तरी देवळाचे दार उघडले नाही. चोखोबा चंद्रभागेच्या पलीकडे दीपमाळ लावून राहिले असे सांगतात. शके 1260, म्हणजे 1338ला, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी विठ्ठलनाम ऐकू येणाऱ्या अस्थी वेचल्या आणि महाद्वारापुढे समाधी बांधली. दाराच्या बाहेर. आतली ओळख मिळूनही बाहेरचे काही बदलत नाही, याची चीड घरातच जन्मली होती. कर्ममेळ्याने देवालाच विचारले: ‘आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’ आईने भेद नाही म्हटले, मुलाने भेद दाखवला. मला दोघेही खरे वाटतात. आईने सांगितलेले मुलाला पूर्ण पटले असले पाहिजे, नाहीतर तो देवाला लाज काढून विचारता ना.

पुढची शतके भराभर सांगता येतात. पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि भारुडात महाराच्या तोंडून ‘जोहार’ घालत सवर्णांना परमार्थ शिकवला. तुकोबांनी ‘महारासि सिवे । कोपे ब्राह्मण तो नव्हे’ असे रोखठोक म्हटले. त्यांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर, जन्माने ब्राह्मण, यांनी ‘वज्रसूची’ ही जुनी संस्कृत रचना मराठी अभंगांत आणली. ब्राह्मण कोण, देह की ज्ञान, हाच तिचा प्रश्न.

विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला 1948चा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्याच वेळी मंदिराच्या दारात ताटकळण्याचा मार्ग त्यांनी सोडून दिलेला होता. त्याआधी एक वर्ष, 1 मे 1947ला, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी, विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरल्यावर, त्यांनी ते सोडले. महाद्वारापुढच्या चोखोबांच्या समाधीला तेव्हा 609 वर्षे झाली होती.